डिअर तंजावूर

आमच्या ऑफिसात कुणाला धमकीचा मेल आला की तो आधी अक्कांना वाचून दाखवायचा, असा रिवाजच पडला होता. धमकीचा म्हणजे खंडणीबिंडणीचा नव्हे हो. 'तुमच्या खात्यात कुणी अनोळखी माणूस शिरला आहे, ताबडतोब इथे दाबा', 'तुमचा पासवर्ड आज संपतो आहे, खात्री न केल्यास खातं बंद होईल', असले. ज्याला आला त्याचा चेहरा उतरलेला असायचा. अक्का खुर्ची वळवायच्या, कॉफीचा टंबलर दोन्ही हातांत धरायच्या आणि म्हणायच्या, वाचा. तो टंबलर रिकामा असला तरी धरायच्या. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की मेल घाबरवतो डोक्याला आणि धावतात बोटं, म्हणून बोटांना आधी काम द्यावं.

सगळं वाचून झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ह्या मेलास घाई कशाची गे?"

आमच्या मराठीत मेल येते, त्यांच्या मराठीत मेल येतो. यावरून आमचं पहिल्या महिन्यातच वाजलं होतं. मी कोल्हापूरची, मला राग यायला निमित्त लागत नाही. मी म्हटलं, अक्का, मेल आली म्हणतात. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे येत असेल, आमच्याकडे येतो, आणि माझ्याकडे आला आहे. पुढे मीच 'मेल आला' म्हणायला लागले. आता पुण्यात लोक मला हसतात.

गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा कारखाना होता, मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग करणारा. माझा नवरा पेरुंगुडीला संगणकाच्या कंपनीत, म्हणून मी चेन्नईत आलेली. मला अकाउंट्समध्ये नोकरी लागली तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. इथे मराठी कुणाला कळतंय म्हणून मोकळ्या आवाजात सांबाराचा उद्धार चालला होता. मागच्या टेबलावरून कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "सांबार वाईट नाही गे. तुम्हांस खाता येत नाही."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मागे वळून बघते तर उंच, सडसडीत बाई, पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, केसांत मोगऱ्याचा गजरा, चष्मा डोक्यावर सरकवलेला, अंगावर कॉटनची साडी आणि साडीखाली पोरांनी धावायला घालावेत तसले पांढरे बूट. तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांमधून बसथांब्यापर्यंत त्या रोज तरातरा चालत येत, म्हणून ते बूट. या म्हणजे खरेदी विभागातल्या अंबुजाबाई. सगळा कारखाना त्यांना अक्का म्हणे, आणि आमच्या कोल्हापुरातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे मला काही वेगळं शिकावं लागलं नाही.

त्यांचे पूर्वज कुठल्याशा काळी मराठा राजांबरोबर तंजावरला आले आणि तिथेच राहिले. मराठी मात्र त्यांनी सोडली नाही. त्यांच्या तोंडी 'बहुत', 'मजला', 'कशास' असले शब्द सहज यायचे आणि वाक्याचा हेल सगळा तमिळ. मला 'तुम्ही' म्हणायच्या आणि वर 'गे' लावायच्या. एकदा मी भोळेपणाने विचारलं, अक्का, तुम्ही मूळच्या कुठल्या? "तंजावरच्या," त्या म्हणाल्या, "मूळच्या कुठल्या ते तुम्ही सांगा. तुम्ही आत्ता आलात." पुन्हा तो प्रश्न मी काढला नाही.

आता त्यांच्या नावाची गंमत सांगते, कारण त्या नावानेच त्यांना या विषयात पंडित केलं होतं. इकडे आडनाव नसतं. गावाचं आणि बापाचं आद्याक्षर पुढे, मग आपलं नाव. तर या टी. आर. अंबुजाबाई. टी म्हणजे तंजावूर, आर म्हणजे रामचंद्रराव. पण संगणकाला आद्याक्षरं चालत नाहीत, त्याला पहिलं नाव आणि शेवटचं नाव लागतं, आणि तेही लांबलचक उलगडून. त्यामुळे अक्का जिथे जिथे खातं उघडायला गेल्या तिथे तिथे त्यांचं पहिलं नाव पडलं तंजावूर. बँक त्यांना लिहायची, 'डिअर तंजावूर'. टेलिफोनवाले लिहायचे, 'हॅलो तंजावूर'. एका विमान कंपनीने तर मिस्टर तंजावूर करून टाकलं होतं. दुसरं कुणी असतं तर अर्ज करकरून नाव दुरुस्त करून घेतलं असतं. अक्कांनी एकही दुरुस्त केलं नाही. कारण चोराला हे ठाऊक नसायचं. चोर कुठून तरी त्यांचं नाव उचलून आणायचा आणि अगदी अदबीने लिहायचा, 'आदरणीय अंबुजाबाई'. की झालं, सापडला.

"आपले लोक आपले नाव चुकवतात गे," त्या सांगायच्या. "चोर पाठ करून येतो."

अर्थात एवढ्यावर त्या थांबायच्या नाहीत. पाठवणाऱ्याच्या नावावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या म्हणायच्या, नाव काय, मी माझं नाव महाराणी लावीन. नावाखालचा सबंध पत्ता उघडायला लावायच्या आणि तो शेवटाकडून वाचायच्या. पाकिटावर गाव शेवटी लिहितो की नाही? तसंच इथे. आधीच्या भागात चोर बँकेचं नाव लिहील, सरकारचं लिहील, तुमच्या सासऱ्यांचं लिहील. शेवटी मात्र त्याला आपलं गाव सांगावंच लागतं. गाव पटलं तरी मेलातल्या बटणाला हात लावायचा नाही. ज्याच्याकडून मेल आल्यासारखा वाटतो त्याचं पान आपण स्वतः, आपल्या बोटांनी टाइप करून उघडायचं आणि तिथे काही निरोप आहे का बघायचा. किंवा जुन्या बिलावरचा नंबर काढून सरळ फोन करायचा. मेलात दिलेल्या नंबरावर नव्हे. चोराला फोन करून तू चोर आहेस का विचारणार काय, असं त्या म्हणायच्या.

त्या चुकायच्या नाहीत असं मात्र मुळीच नाही, आणि हे सांगितलं नाही तर त्यांचं चित्र खोटं होईल. एका पोंगलला मालकांचा मेल आला, खालच्या कामगारांना तोच फोनवर. सर्वांना शुभेच्छा, आणि खाली एक बटण: आपल्या मिठाईचा डबा नोंदवण्यासाठी इथे दाबा. पत्ता भलताच होता, नाव व्यवस्थित होतं, घाई होतीच. अक्कांनी साऱ्या कारखान्याला कळवून टाकलं की हा चोर आहे, कुणी हात लावू नका. वरचे काही साहेब सोडले तर कुणीही लावला नाही. आणि तो मेल निघाला मालकांचाच! त्यांच्या सुनेने हौसेने कुठल्याशा मिठाईवाल्याकडून पाठवायला लावलेला. डबे आले तेवढे मोजक्या वरच्या साहेबांचे, बाकी कारखाना कोरडा. चारही बाजूंनी लोक अक्कांवर तुटून पडले. पॉलिशिंगमधला एक जण तर त्यांच्या टेबलापाशी येऊन मैसूरपाक मैसूरपाक असं पुटपुटत उभा राहिला. त्या ढिम्म. मालकांनी बोलावून विचारलं तेव्हा त्यांनी उलट मालकांनाच सुनावलं की शुभेच्छा द्यायच्या तर नोटीस बोर्डावर द्या, मी वाचीन. पुढच्या पोंगलला डबे हातात मिळाले, हे खरं.

हा हटवादीपणा कुठून आला हे मला फार उशिरा कळलं. तंजावरला त्यांचे थोरले भाऊ असतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अक्का त्यांना अण्णा म्हणत. अण्णांची मुलगी परदेशात. वर्षानुवर्षं ती बापाला मेल लिहायची, लांबलचक, नातवाच्या फोटोंसकट. अण्णांची बायको गेली तिच्या आजारपणातलीही पत्रं त्यातच. एक दिवस त्यांना मेल आला की तुमच्या खात्याला धोका आहे, सुरक्षेसाठी ताबडतोब पासवर्ड पक्का करा. गणिताचा मास्तर, सरळ माणूस. त्यांनी पक्का केला. दुपारपर्यंत खातं दुसऱ्याचं झालं आणि संध्याकाळपर्यंत रिकामं. परत मिळवायचे सगळे उपाय अक्कांनी केले, काही हाती आलं नाही.

हे सांगताना त्या रडल्याबिडल्या नाहीत. संतापल्या. म्हणाल्या, पत्रं गेली ती गेली, पोरगी पुन्हा लिहील. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची गणितं तपासली तो माझा भाऊ स्वतःला मूर्ख म्हणू लागला. संगणकाला शिवेना. कुणाचं पत्र आलं की हात मागे घेऊ लागला. हे त्या चोराने केलं. आणि 'तुमच्या सुरक्षेसाठी' असं म्हणून केलं. ते दोन शब्द ऐकले की त्यांच्या कपाळाची शीर उभी राहायची, मग ते कुणीही म्हटलेले असोत.

तर अशा बाईच्या पुढ्यात कंपनीने तो मेल पाठवला.

झालं असं, की आमच्या मालकांच्या चार-पाच कारखान्यांच्या समूहाने सगळ्यांची कर्मचारी-खाती एका नव्या यंत्रणेवर न्यायची ठरवलं. हजेरी, रजा, पगाराची स्लिप, सगळं तिथे. काम बाहेरच्या एका संस्थेला दिलेलं. तिचा मेल आला. वर लाल पट्टी, 'सुरक्षा सूचना'. तुमच्या सुरक्षेसाठी आपल्या खात्याची खात्री करा, खालचं बटण दाबून जुना पासवर्ड भरा, न केल्यास खातं गोठवण्यात येईल. पत्त्याच्या शेवटी आमच्या कंपनीचं नाव नाही, कुठलंसं तिसरंच गाव. आणि सुरुवात? 'आदरणीय अंबुजाबाई'.

नव्या यंत्रणेत माणसाने नीट माणसासारखी नावं भरली होती, एवढाच त्याचा अर्थ. पण अक्कांच्या हिशेबी तो चोर ठरला. त्यांनी टंबलर धरला, सबंध वाचला आणि कचऱ्यात टाकला. इतरांनी मात्र, पोंगलचे डबे आठवून, बटण दाबलं. मीही दाबलं, घाबरूनच, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. खातं गोठलं तर पगाराचं काय, हा माझा साधा प्रश्न होता.

मग पर्सोनेल विभागातून फोन आला की मेल खरा आहे. अक्का गेल्या, नियमाप्रमाणे स्वतः खात्री करून आल्या. येऊन खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या की मेल खरा आहे, मी चुकले. मला वाटलं, संपलं. आता दाबतील बटण. तर त्यांनी डब्यातला दहीभात काढला आणि शांतपणे जेवायला लागल्या.

"मेल खरा आहे," लोणच्याची फोड बाजूला करत त्या म्हणाल्या. "पण आला तो चोरासारखा. मी दाबणार नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. खरेदी विभागाचे प्रमुख निवृत्त झाले होते आणि ती जागा अक्कांना मिळणार हे उघड होतं. काचेची छोटी केबिन, खिडकीतून कडुनिंब दिसणारी. या जागेसाठी त्यांनी उभी नोकरी घालवली होती. दोनदा त्यांच्या डोक्यावरून बाहेरचा माणूस आणून बसवला होता. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. या खेपेस नाही तर कधीच नाही. जागा हवी की नको अशी थोर निरिच्छताबिरिच्छता त्यांच्याकडे नव्हती. हवी होती, जीव तोडून हवी होती. केबिनमध्ये टेबल कुठल्या भिंतीला लावायचं हे त्यांनी मला आत नेऊन दाखवलं होतं. पत्र तयार होतं, सही व्हायची होती. आणि नेमकं तेव्हाच पर्सोनेलच्या पडद्यावर सगळ्या ऑफिसची नावं हिरवी झाली आणि एक लाल राहिलं.

पर्सोनेलचे मॅनेजर सुंदरेशन. वाईट माणूस नव्हे, पण वरून फोन आला की पाचावर धारण बसणाऱ्यांतला. बाकीच्या कारखान्यांचं काम पुरं झालं होतं, आमचाच एका नावापायी अडलेला. त्यांनी आधी निरोप धाडले, मग स्वतः आले, मग बोलावून घेतलं. टिपणं घ्यायला कुणीतरी हवं म्हणून मला कोपऱ्यात बसवलं. सगळं बोलणं तमिळमध्ये झालं, पण तोवर मला सगळं समजायला लागलं होतं.

सुंदरेशन पुष्कळ वेळ गोडीने बोलले. एक बटण आहे अक्का, तुमच्यासारखी समंजस बाई, आता तर खात्रीही झाली तुमची. अक्का म्हणाल्या, मागल्याच वर्षी तुम्ही आम्हांला हॉलमध्ये बसवून शिकवलंत की घाबरवणारा, घाई करणारा, भलत्या पत्त्यावरून पासवर्ड मागणारा मेल आला तर दाबू नका. चहा-बिस्किटंही दिली होतीत. ते खरं होतं की खोटं? सुंदरेशन म्हणाले, ते खरंच, पण हा आपलाच आहे. अक्का म्हणाल्या, आपलाच आहे म्हणूनच तर राग आला.

मग त्यांनी काय हवं ते साफ सांगितलं. मी तुमच्या खिडकीवर येते, तुम्ही मला ओळखा, मी सही करते, तुम्ही माझं खातं चालू करा. सुंदरेशन म्हणाले, यंत्रणेत तशी सोय नाही.

आणि तेव्हा अक्का ते बोलल्या, जे मी टिपणात लिहिलं आणि नंतर मला खोडायला लावलं गेलं.

"आज खरा मेल ह्या रूपात पाठवलात, आणि सगळ्यांनी दाबला. उद्या चोर हेच रूप घेऊन येईल, तेव्हा ही माणसं पुन्हा दाबतील. आणि त्या दिवशी ह्याच खुर्चीत बसून तुम्ही त्यांना मूर्ख म्हणाल. मी माझ्या माणसांना मूर्ख म्हणवून घेणार नाही."

 सुंदरेशननी विचारलं की केबिनचा विचार केला आहे का. हळूच विचारलं, डोळे टेबलाकडे. अक्का उठल्या, पदर सारखा केला आणि तो विचार तुम्ही करा म्हणून निघून आल्या. जागेवर येऊन बसल्या. रिकामा टंबलर उचलून दोन्ही हातांत घट्ट धरला. मी काही बोलू गेले, तर म्हणाल्या, चुम्मा बसा गे, म्हणजे तमिळातलं उगी बसा.

त्यांचं खातं गोठलं. संगणक उघडेना. तर बाईंनी खरेदी फोनवर सुरू केली. कोइमतूरच्या कास्टिंगवाल्याशी त्या असं बोलायच्या की अख्ख्या मजल्याला भाव पाठ व्हावा. कारणे दाखवा नोटीस आली, तीही हातात आली म्हणून त्यांनी आनंदाने घेतली आणि एका ओळीचं उत्तर दिलं: आपण शिकवलं तसं वागले. मग ती केबिन श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून आलेल्या एका साहेबाला मिळाली. तो आपली पुस्तकं, आपली देवाची तसबीर घेऊन आला आणि टेबल त्याने भलत्याच भिंतीला लावलं. त्या दिवशी अक्का कँटीनला आल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगू का, त्यांचा रागही आला. एवढं काय ते अडून बसायचं! एक बटण! मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की केबिन गेली त्याचं दुःख आहे, बहुत आहे, पण दुःख झालं म्हणून मत कशास बदलू.

शेवटची नोटीस आली ती मुदतीची. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत खात्याची खात्री न केल्यास निलंबन.

त्याच आठवड्यात यंत्रणेने आपला दुसरा पाय पुढे टाकला. शॉप फ्लोअरवरच्या कामगारांना ऑफिसचे मेल नसतात, म्हणून त्यांच्या फोनवर तोच मजकूर गेला. लाल पट्टी, तुमच्या सुरक्षेसाठी, इथे दाबा, जुना पासवर्ड भरा. मशीन शॉपमधले मुनियांडी, कारखान्यातले सर्वांत जुने फिटर, हात पुसत पुसत फोन घेऊन वर आले. त्यांचा प्रश्न साधा होता. अक्का, हा खरा की खोटा?

मी शेजारीच होते. एक शब्द बोलल्या असत्या, खोटा म्हणून, की खाली एकानेही दाबलं नसतं, सुंदरेशनच्या तोंडचं पाणी पळालं असतं. पण खोटं बोलणं अक्कांच्याने झालं नसतं. त्यांनी निरोप शेवटाकडून वाचला, पत्ता बघितला आणि म्हणाल्या की खरा आहे. मुनियांडींनी लगेच बोट पुढे केलं. अक्कांनी त्यांचा हात धरला.

"खरा आहे. तरी दाबू नका. ज्याला तुमची ओळख पाहिजे, त्याने तुमच्याकडे तोंड करून विचारावी."

 मुनियांडींनी फोन खिशात घातला आणि ते खाली गेले. खाली काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. अक्काही गेल्या नव्हत्या.

तो शुक्रवार माझ्या त्या कारखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातला. नवऱ्याची पुण्याला बदली झाली होती, घरातलं निम्मं सामान बांधून झालेलं. सकाळी मी पोचले तर पर्सोनेलच्या बंद खिडकीपुढे अक्का उभ्या. गजरा, चष्मा डोक्यावर, पांढरे बूट. एकट्या. सही करायला आले आहे, खिडकी उघडा, एवढंच त्यांचं म्हणणं. आत निवेदिता नावाची नवी मुलगी बसायची, ती काचेतून बघत होती आणि साहेबांना विचारायला पळत होती. साहेब म्हणत होते, उघडू नको.

मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. माझं खातं चालू होतं, मला तिथे काही काम नव्हतं. पण त्यांना तिथे एकटं बघवेना.

दुपारी पहिली पाळी सुटायची शिट्टी झाली आणि मशीन शॉपचं दार उघडलं. पुढे मुनियांडी. मागे फिटर, टर्नर, पॉलिशिंगचे, पेंटिंगच्या बायका. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हात वर केला नाही. येऊन एकामागे एक उभे राहिले. रांग जिन्यापर्यंत गेली, वळली, खाली सायकलस्टँडपाशी पोचली. सुंदरेशन बाहेर आले, त्यांनी काय चाललंय विचारलं. मुनियांडी म्हणाले की ओळख पटवायला आलो आहोत साहेब, तुमच्या निरोपात लिहिलंय. सुंदरेशननी रांगेकडे बघितलं. मग आत जाऊन फोन केला, बराच वेळ बोलले. कुणी हललं नाही.

खिडकी उघडली.

निवेदिताने कोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढला आणि चाचरत अक्कांना म्हणाली की मॅडम, तुमचं ओळखपत्र. मला धसका बसला. ही पोर जन्मली नव्हती तेव्हापासून बाई इथे कामाला आहेत. आता हिची काही धडगत नाही! पण अक्कांचा चेहरा असा उजळला म्हणता! त्यांनी पर्समधून कार्ड काढलं, खिडकीतून आत दिलं आणि म्हणाल्या, "विचारलंस. बरं केलंस." मुलीने कार्ड बघितलं, अक्कांकडे बघितलं, मान हलवली आणि सहीसाठी कागद पुढे केला.

अक्कांनी पेन घेतलं नाही.

"आता तुझं," त्या म्हणाल्या.

मुलीला कळेना. तिने मागे साहेबांकडे बघितलं. मग हसली, गळ्यातलं कार्ड उचलून खिडकीशी धरलं. अक्कांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. फोटो बघितला. मुलगी बघितली. पुन्हा फोटो. घाई अशी कसलीच नाही. मग सही केली, तिरपी, मोठी, सबंध नावाची, आणि बाजूला सरकल्या.

मी पुढे झाले. मला सही करायची नव्हतीच, तसं मी सांगितलं आणि रांगेबाहेर आले. माझ्यामागून मुनियांडी खिडकीशी आले. त्यांनी आपलं तेलकट कार्ड ठेवलं आणि काही न बोलता निवेदिताच्या गळ्याकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा कार्ड उचललं. त्यांच्यामागच्या टर्नरने तेच केलं. त्याच्यामागच्या बाईने तेच. एकेक जण वाकायचा, नीट बघायचा, मगच सही. पाच-सहा जणांनंतर निवेदिताने गळ्यातली दोरी काढली आणि कार्ड खिडकीच्या गजाला बाहेर तोंड करून बांधून टाकलं.

रांग लवकर सरकावी म्हणून सुंदरेशन स्वतः तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. समोर पेंटिंगमधली एक बाई आली. तिने कार्ड आत दिलं आणि हात मागे बांधून नुसती उभी राहिली. सुंदरेशनना क्षणभर उमजेना. मग त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पॅंटचा चाचपला. कार्ड नव्हतं. त्यांनी जिन्याजवळ उभ्या असलेल्या अक्कांकडे बघितलं. अक्कांनी चष्मा परत डोक्यावर सरकवला.

सुंदरेशन उठले, आणि सगळी रांग बघत असताना आपलं कार्ड आणायला गेले.